नात्यांची नावे

एखाद्या इंग्रजी कादंबरीचे मराठीत भाषांतर करावयास बसलेल्या माणसापुढे पहिल्या दोनचार पृष्ठांतच एक साधा दिसणारा शब्द आडवा येतो : ‘कझिन’. तिचा कझिन दुपारच्या गाडीने आला, एवढेच मूळ लेखकाने लिहिलेले असते. हा पाहुणा चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ की मावसभाऊ, हे पुस्तकात कोठेच सांगितलेले नसते; कारण लेखकाला आणि त्याच्या वाचकांना ते कळण्याची गरजच भासलेली नसते. मराठी भाषांतरकाराला मात्र चारांपैकी एक शब्द निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि एकदा शब्द निवडला की मूळ लेखकाच्या मनातही नसलेले एक घराणे तो कथेत आणून बसवितो. उलट दिशेने जाणाऱ्याची अडचण याहूनही मोठी. ‘जाऊ’ या शब्दासाठी इंग्रजीत ‘नवऱ्याच्या भावाची बायको’ असे लांबलचक वर्णन करावे लागते. दोन परक्या घरांतून आलेल्या आणि एकाच चुलीपुढे आयुष्य काढलेल्या दोन स्त्रियांमध्ये जे काही असते, ते या वर्णनात उतरत नाही.

यावरून एक भाषा संपन्न आणि दुसरी दरिद्री असे अनुमान काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. नातेवाचक शब्द हे रक्ताच्या संबंधांचे केवळ वर्णन नसते. कोणाशी विवाह होऊ शकतो आणि कोणाशी होऊ शकत नाही, कोणाच्या घरात वारसा जातो, कोणापुढे डोक्यावरचा पदर सावरावा लागतो आणि कोणाची थट्टा केलेली चालते, हे सारे त्या शब्दांत साठविलेले असते. ज्या समाजात वडिलांचा भाऊ आणि आईचा भाऊ यांची कर्तव्ये भिन्न नाहीत, त्या समाजाला दोन शब्दांचा काही उपयोग नाही. ज्या समाजात एकाच्या घरी जमिनीची वाटणी होते आणि दुसऱ्याच्या घरून भाचीच्या लग्नात आहेर येतो, तेथे दोघांना एका नावाने हाक मारणे अशक्य आहे.

ही गोष्ट शास्त्रीय रीतीने प्रथम लक्षात आली ती लुइस हेन्री मॉर्गन या अमेरिकन वकिलाच्या. न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे वकिली करणाऱ्या मॉर्गनचा शेजारच्या सेनेका आदिवासींशी निकटचा परिचय होता. इतका की, त्या लोकांनी आपल्या रीतीप्रमाणे त्याला एका कुळात दत्तक घेतले होते. सेनेका माणूस वडिलांच्या भावालाही ‘वडील’ म्हणतो आणि आईच्या बहिणीला ‘आई’ म्हणतो, हे पाहून मॉर्गन चकित झाला. ही एका टोळीची लहर असावी असे त्याला प्रारंभी वाटले. पुढे त्याने छापील प्रश्नावल्या तयार करून जगभर धाडल्या. दक्षिण भारतात राहिलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांकडून तमिळ आणि तेलुगू भाषांतील शब्दांची जी उत्तरे आली, त्यांत सेनेकांच्या पद्धतीशी विलक्षण साम्य होते. मॉर्गनचा ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील आदिवासी मूळचे आशियातून आले याचा हा पुरावा होय, असे त्याने या साम्यावरून मानले. शब्दांची पद्धत एक असली म्हणून वंशही एक असला पाहिजे असे नाही. आणि आज मॉर्गनचा तो तर्क कोणी त्या स्वरूपात मान्य करीत नाही. परंतु नातेवाचक शब्दांची एक व्यवस्था असते, त्यांचा एकेक शब्द सुटा करून पाहता येत नाही, हा त्याचा मुद्दा टिकून राहिला.

ही व्यवस्था कशी चालते हे पाहण्यास दक्षिण भारतासारखे दुसरे क्षेत्र नाही. तमिळमध्ये वडिलांना ‘अप्पा’ म्हणतात. वडिलांचा थोरला भाऊ ‘पेरियप्पा’, म्हणजे मोठा बाप, आणि धाकटा भाऊ ‘चित्तप्पा’, म्हणजे लहान बाप. आईची थोरली बहीण ‘पेरियम्मा’ आणि धाकटी ‘चित्ति’. कानडीतील ‘दोड्डप्प’, ‘चिक्कप्प’, ‘दोड्डम्म’, ‘चिक्कम्म’ हे शब्द याच पद्धतीचे होत. जे बाप आणि ज्या आया, त्यांची मुले ही ओघानेच सख्ख्या भावंडांसारखी ठरतात. चुलतभाऊ आणि मावसभाऊ या दोघांनाही तमिळ माणूस वयाप्रमाणे ‘अण्णन’ किंवा ‘तम्बी’ म्हणतो. चुलतबहीण आणि मावसबहीण त्याची ‘अक्का’ किंवा ‘तंगै’ असते. त्यांच्याशी विवाहाचा विचारही पाप होय.

मामा आणि आत्या यांचे मात्र तसे नाही. ती माणसे बाप किंवा आई या वर्गात येत नाहीत, आणि त्यांची मुले भावंडेही ठरत नाहीत. तेलुगू शब्द पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. ‘मामा’ हा आईचा भाऊ आणि सासराही. ‘अत्त’ ही वडिलांची बहीण, मामाची बायको आणि सासूही. ‘बाव’ म्हणजे आपल्याहून मोठा आतेभाऊ किंवा मामेभाऊ, आणि तोच शब्द थोरल्या बहिणीच्या नवऱ्यासाठीही. ‘मरदलु’ म्हणजे आपल्याहून लहान आतेबहीण किंवा मामेबहीण, बायकोची धाकटी बहीण आणि धाकट्या भावाची बायको. पुरुषाच्या बहिणीचा मुलगा ‘मेनल्लुडु’ आणि जावई ‘अल्लुडु’. त्याच्या बहिणीची मुलगी ‘मेनकोडलु’ आणि सून ‘कोडलु’. परक्या माणसाला हा गोंधळ वाटेल. वस्तुतः त्यात गोंधळ मुळीच नाही. मामाची किंवा आत्याची मुलगी ही योग्य वधू होय असे गृहीत धरले की मामा हाच सासरा होतो, आत्या हीच सासू होते, भाचा हाच जावई होतो, आणि एकेका शब्दात दोन दोन नाती सहज मावतात. लग्न प्रत्यक्षात दूरच्या घरात झाले तरी शब्द तेच राहतात. नवी सासूही ‘अत्त’च. लुई द्युमाँ या फ्रेंच अभ्यासकाने १९५३ साली हाच मुद्दा मांडला. या शब्दांत रक्ताचे नातलग आणि लग्नाने जोडलेले नातलग असे दोन वर्ग आहेत, आणि मामा हा दुसऱ्या वर्गातला आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. मामा हा आईचा भाऊ असूनही मूलतः वडिलांचा मेहुणा आहे, असे हे पाहणे. ते प्रथम विचित्र वाटते, मग पटू लागते.

विंध्याच्या पलीकडे चित्र पालटते. हिंदी भाषेत चार प्रकारच्या भावंडांना चार वेगळी विशेषणे आहेत : ‘चचेरा’, ‘ममेरा’, ‘फुफेरा’ आणि ‘मौसेरा’. बंगालीतही ‘खुडतुतो’, ‘मामातो’, ‘पिसतुतो’, ‘मासतुतो’ असे शब्द आहेत. परंतु या प्रत्येक विशेषणापुढे येणारा शब्द एकच, ‘भाई’ किंवा ‘बहन’. कोणत्या घराकडून भाऊ, एवढेच विशेषण सांगते. तो भाऊ आहे याविषयी दुमत नाही. म्हणून येथील हिंदूंत चारांपैकी कोणाशीही विवाह होत नाही. उत्तरेकडील कित्येक जातींत तर स्वतःचे, आईचे, वडिलांच्या आईचे आणि आईच्या आईचे अशी चारही गोत्रे टाळली जातात, आणि आपल्या गावची मुलगी ती गावातील साऱ्यांची बहीण मानली जाते. मुलगी दूरच्या, अनोळखी गावी जाते. तिच्या सासरी ओळखीचा मामा किंवा आत्या कोणी नसते, आणि म्हणून तेथील माणसांसाठी निराळ्या शब्दांची एक संपूर्ण मालिका लागते : ससुर, सास, जेठ, देवर, ननद, जेठानी, देवरानी. जेठापुढे घुंगट घ्यावयाचा आणि देवराशी थट्टा करावयाची, असा दोन भावांतील भेद शब्दानेच ठरविलेला असतो. मुलगी देणारे घर खालचे आणि घेणारे वरचे, ही उत्तरेतील भावनाही शब्दांत उतरली आहे. ‘साला’, म्हणजे बायकोचा भाऊ, हा शब्द तेथे शिवी होऊन बसला. दक्षिणेतील ‘बाव’ मात्र लाडाची आणि थट्टेची हाक राहिला.

इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंबंधांवरील आपल्या १९५३ च्या इंग्रजी ग्रंथात देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग पाडले आणि महाराष्ट्र मध्य विभागात घातला. ही जागा मराठी शब्दच दाखवून देतात. मराठी भाषा उत्तरेच्या कुळातील. ‘मावशी’ हा शब्द संस्कृत ‘मातृष्वसा’पासून आला, आणि चुलत, मामे, आते, मावस ही विशेषणे हिंदीप्रमाणेच चालतात. पण ‘अण्णा’, ‘अप्पा’, ‘अक्का’ या हाका दक्षिणेच्या आहेत, आणि ‘आत्या’ हा शब्दही ‘अत्ते’, ‘अत्तै’ यांच्या शेजारी ठेवला असता परका दिसत नाही. सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणण्याची जुनी रीत, आणि खेड्यांतून सासूला ‘आत्याबाई’ म्हणण्याची रीत, ही तर उघडच मामाच्या घरात लग्न होण्याच्या चालीची खूण होय. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामेबहीण ही मान्य वधू होती. आतेबहिणीशी विवाह मात्र बहुतेक टाळला जाई. ‘भाचा’ या शब्दातही हेच सापडते. हिंदीत भावाचा मुलगा पुरुषाला आणि स्त्रीला दोघांनाही ‘भतीजा’च. मराठीत पुरुष भावाच्या मुलाला ‘पुतण्या’ म्हणतो, परंतु त्याची बहीण त्याच मुलाला ‘भाचा’ म्हणते. एकच मुलगा काकाचा पुतण्या आणि आत्याचा भाचा! मामाला जसा बहिणीचा मुलगा, तशी आत्येला भावाची मुलगी, अशी ही जोडी आहे, आणि ती दक्षिणेच्या व्याकरणातच नीट बसते.

उत्तर आणि दक्षिण यांच्यातील हा भेद फार जुना आहे. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेकडील लोकांचे म्हणून जे पाच आचार सांगितले आहेत, त्यांत मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी विवाह हा एक आहे. आणि उत्तरेकडील लोकांचेही पाच आचार त्यांच्या शेजारी मांडले आहेत. महाभारतात अर्जुन सुभद्रेला वरतो. कुंती ही वसुदेवाची बहीण, म्हणजे सुभद्रा ही अर्जुनाची मामेबहीण. मराठी किंवा तेलुगू श्रोत्याला यात खटकण्यासारखे काही नाही. उत्तरेकडील टीकाकारांना मात्र या विवाहाचे समर्थन करण्यासाठी बराच खटाटोप करावा लागला. भावंडांच्या नात्याची दुसरी बाजूही भाषेने विसरलेली नाही. संस्कृतातील ‘भ्रातृव्य’ या शब्दाचे दोन अर्थ पाणिनीने नोंदविले आहेत, एक भावाचा मुलगा आणि दुसरा शत्रू. मराठीने त्याच अनुभवासाठी ‘भाऊबंदकी’ हा शब्द घडविला. ज्याच्याशी वाटणी होते त्याच्याशीच वैर होते. मामेभावाशी जमिनीचा दावा लागल्याचे सहसा ऐकू येत नाही.

भारतातील मुसलमान समाजात व्यवस्था पुन्हा निराळी आहे. उर्दूतील ‘चचाजाद’, ‘मामूजाद’, ‘फुफीजाद’, ‘खालाजाद’ हे शब्द हिंदी शब्दांशी जुळते वाटतात. तरी या चारही प्रकारच्या भावंडांशी विवाह धर्माने मान्य आहे. भाचीशी किंवा पुतणीशी विवाह मात्र तेथे सर्वथा वर्ज्य. आणि दक्षिणेतील अनेक हिंदू जातींत थोरल्या बहिणीच्या मुलीशी विवाह ही चांगली सोयरीक मानली जात आली आहे. मुसलमानी कायद्यात आणखी एक नाते आहे, ते म्हणजे दुधाचे. एखाद्या स्त्रीने दुसऱ्याच्या मुलाला तान्हेपणी आपले दूध पाजले, तर ती त्याची दूधआई होते आणि तिची मुले त्याची दूधभावंडे होतात. त्यांचा आपसांत विवाह होत नाही. वारसा मात्र या नात्याने मिळत नाही. रक्त, विवाह आणि दूध या तीन मार्गांनी नाती लागतात, असा हा विचार आहे.

इंग्रजी पद्धतीकडे आता पुन्हा वळता येईल. ती वरवर दिसते तितकी ओबडधोबड नाही. ती शब्दांऐवजी आकड्यांनी मोजते, एवढेच. दोन माणसांचे आजोबा किंवा आजी समान असतील तर ती ‘फर्स्ट कझिन’, पणजोबा किंवा पणजी समान असतील तर ‘सेकंड कझिन’, खापरपणजोबा समान असतील तर ‘थर्ड कझिन’. दोघांच्या पिढ्या सारख्या नसतील तर जेवढ्या पिढ्यांचे अंतर तेवढ्या वेळा ‘रिमूव्हड’ असे म्हणावयाचे. वडिलांचा चुलतभाऊ हा ‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड’. आता चुलतभावाचा मुलगा घ्या. त्याचेही नाव हेच. मराठीत पहिला चुलत काका आणि दुसरा पुतण्या. एकाच्या पाया पडावयाचे आणि दुसऱ्याने आपल्या पाया पडावयाचे. इंग्रजी नावावरून कोण कोणाच्या पाया पडणार हे कळत नाही. उलटपक्षी, अंतर किती हे मात्र त्यातून नेमके कळते, आणि मराठीत ‘लांबचा भाऊ’ म्हटले की तो किती लांबचा याचा काहीच अंदाज येत नाही.

भारतीय कायद्याला या दोन्ही पद्धतींची गरज पडली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दोन वेगळ्या मर्यादा घातल्या आहेत. एक निषिद्ध नात्यांची : बहीणभाऊ, काका आणि पुतणी, मामा आणि भाची, आत्या आणि भाचा, तसेच दोन भावांची, दोन बहिणींची किंवा बहीणभावाची मुले. दुसरी सपिंडतेची. तिच्यात पिढ्या मोजावयाच्या असतात, आणि ज्याच्यापासून मोजावयाचे तो स्वतः पहिली पिढी धरला जातो. वडिलांच्या बाजूने पाचव्या पिढीपर्यंत आणि आईच्या बाजूने तिसऱ्या पिढीपर्यंत सपिंडता जाते. समान पूर्वज दोघांच्याही मर्यादेत असला तरच ते दोघे सपिंड होत. उदाहरणार्थ, मुलाच्या आईचे आजोबा आणि मुलीच्या वडिलांचे आजोबा एकच आहेत, असे समजू. मुलीच्या बाजूने ती स्वतः, वडील, आजोबा, पणजोबा अशी ही चौथी पिढी, म्हणजे मर्यादेच्या आत. मुलाच्या बाजूने तो स्वतः, आई, आईचे वडील किंवा आई, आणि त्यांचे वडील, हीही चौथीच पिढी. परंतु ती आईकडून असल्याने मर्यादेबाहेर. म्हणून ही दोघे सपिंड नाहीत आणि विवाहास या कारणाने बाध येत नाही.

या नियमांप्रमाणे मामेबहिणीशी विवाह निषिद्ध ठरावयास हवा, आणि कायद्याच्या मूळ शब्दांप्रमाणे तो तसा आहेही. तथापि ‘दोघांपैकी प्रत्येकाला लागू असलेली रूढी परवानगी देत असेल तर’ अशी सवलत कायद्याने ठेवली आहे, आणि अर्ध्या देशातील विवाह या एका वाक्याच्या आधारावर उभे आहेत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने अशी चर्चा टाळण्यासाठी निषिद्ध नात्यांची यादीच दिली : पुरुषांसाठी ३७ आणि स्त्रियांसाठी ३७. चारही प्रकारच्या बहिणी त्या यादीच्या अखेरीस आहेत. मूळ कायद्यात रूढीला जागा नव्हती. ती १९६३ च्या दुरुस्तीने दिली गेली. उत्तरेच्या व्याकरणात लिहिलेल्या कायद्याला दक्षिणेचे व्याकरण असे अपवादाच्या रूपाने जोडावे लागले.

दत्तकाच्या प्रकरणात नातेवाचक शब्दांची खरी कसोटी लागते. जन्माने जे नाते नाही ते येथे विधीने निर्माण करावयाचे असते, आणि जे जन्माने आहे ते मोडावयाचे असते. मनूने पुत्रांचे बारा प्रकार सांगितले. त्यांतील औरस आणि दत्तक हे दोनच व्यवहारात मुख्यतः उरले. दत्तक पुत्र जनक पित्याचे गोत्र सोडून घेणाऱ्या पित्याच्या गोत्रात येतो. ज्याला ही तोडातोड नको असे, त्याच्यासाठी ‘द्व्यामुष्यायण’ अशी तडजोड होती : तो मुलगा दोन्ही पित्यांचा, आणि दोन्हीकडील वारस. कोणाला दत्तक घ्यावे याविषयी ‘दत्तकमीमांसा’ या ग्रंथाने एक चमत्कारिक कसोटी सांगितली. दत्तक मुलगा औरसाची छाया असला पाहिजे. म्हणजे त्याच्या आईशी, ती कुमारिका असताना, घेणाऱ्याचा विवाह होऊ शकला असता अशी ती असली पाहिजे. या कसोटीने भावाचा मुलगा चालतो. बहिणीचा आणि मुलीचा चालत नाही. शास्त्र उत्तरेत काशी येथे लिहिले गेले. दक्षिणेत ब्राह्मणांतसुद्धा बहिणीचा किंवा मुलीचा मुलगा दत्तक घेण्याची रूढी चालतच राहिली, आणि न्यायालयांनी ती मान्य केली. ज्या समाजात बहिणीचा मुलगा हा जवळजवळ जावईच, त्याला तो परका वाटेल कसा?

या नात्यावर राज्ये गेली आणि राज्ये राहिली. दत्तक वारस अमान्य करून ईस्ट इंडिया कंपनीने १८४८ साली सातारा आणि १८५४ साली झांशी खालसा केली. १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तक घेण्याच्या हक्काच्या सनदा मिळाल्यावर चित्र पालटले. कवळाणे या खेड्यातील गोपाळराव हा मुलगा १८७५ साली खंडेराव गायकवाडांच्या विधवा राणी जमनाबाई यांच्या मांडीवर बसला आणि बडोद्याचा सयाजीराव झाला. कागलच्या घाटगे घराण्यातील मुलगा १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला. तेच छत्रपती शाहू महाराज. दोन्ही प्रसंगी घेतला तो मुलगाच. त्रावणकोरात मात्र १९०० साली दोन मुली दत्तक घेतल्या गेल्या, सेतु लक्ष्मीबाई आणि सेतु पार्वतीबाई. राजघराण्यात पुरुष असतानाही ही आवश्यकता पडली. कारण तेथे गादी राजाच्या मुलाकडे जात नसून बहिणीच्या मुलाकडे जात असे. भाचे कोठून येणार, तर बहिणी किंवा भाच्या असतील तर. सेतु पार्वतीबाईंचा मुलगा १९२४ साली गादीचा वारस झाला आणि तो वयात येईपर्यंत १९३१ पर्यंत सेतु लक्ष्मीबाईंनी कारभार पाहिला. मलयाळममध्ये या वारसापद्धतीचे नाव ‘मरुमक्कत्तायम्’, म्हणजे भाच्यांचा वारसा. ‘मरुमकन’ या एका शब्दात भाचा आणि जावई दोघेही येतात. केरळात संयुक्त कुटुंबाची पद्धतच १९७५ च्या कायद्याने संपुष्टात आली.

हिंदूंसाठी दत्तकाचे नियम १९५६ च्या कायद्याने नव्याने लिहिले गेले. मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, आणि औरसाच्या छायेची कसोटी गळून पडली. दत्तविधानाच्या दिवसापासून मूल सर्व दृष्टींनी घेणाऱ्यांचे होते आणि जन्मघराशी असलेले संबंध तुटतात. एक गोष्ट मात्र तुटत नाही. जन्मघरात राहिले असते तर ज्यांच्याशी विवाह झाला नसता, त्यांच्याशी तो दत्तकानंतरही होत नाही. म्हणजे दत्तक मुलीचा जन्मघरातील सख्खा भाऊ वारसाच्या कामी परका, पण विवाहाच्या कामी भाऊच. नव्या घरातील भाऊ तर दोन्ही कामी भाऊ, कारण निषिद्ध नात्यांत दत्तकाने लागलेले नातेही धरावे असे विवाहाच्या कायद्यातच सांगितले आहे. काही शब्द कायद्याने स्वतः ठरवून दिले आहेत. पत्नी हयात असताना पुरुषाने मूल दत्तक घेतले तर ती त्याची दत्तक आई. अविवाहित पुरुषाने किंवा विधुराने मूल घेऊन नंतर विवाह केला तर येणारी पत्नी त्याची सावत्र आई; आणि विधवेने किंवा कुमारिकेने मूल घेऊन नंतर विवाह केला तर तिचा पती त्याचा सावत्र पिता. व्यवहारात मूल तिला नुसते आईच म्हणेल, आणि योग्यच करील.

ख्रिस्ती, पारशी आणि मुसलमान कुटुंबांना पूर्वी १८९० च्या कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे. बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले. २०१५ च्या कायद्यातही ती तरतूद आहे. मुसलमानी धर्मशास्त्र मात्र दत्तकाने वंश बदलतो असे मानीत नाही. सांभाळलेले मूल जन्मदात्याच्याच नावाने ओळखले जावे असा तेथील दंडक आहे. अशा घरात एखाद्या अर्भकाला घरातील स्त्रीने दूध पाजले तर ते दुधाच्या नात्याने त्या घराचे होते.

संस्थेतून आलेल्या मुलाच्या बाबतीत जन्मघर कोणते हे पुष्कळदा कोणालाच ठाऊक नसते. कायद्याचा निषेध असतो, पण तो कोणाविरुद्ध हे कळत नाही. वयात आलेल्या दत्तक मुलाला आपल्या मुळाचा शोध घेण्याची मुभा नियमांनी दिली आहे. आणि या शोधाचा एक उपयोग, भावनेचा भाग सोडला तरी, अगदी व्यावहारिक असतो.

कुटुंबे लहान होत चालली, तसा या शब्दसंग्रहावरही परिणाम होणे अटळ आहे. हिशेब सोपा आहे. दोघेही पालक आपापल्या घरी एकटेच असतील, तर त्यांच्या मुलाला काका, आत्या, मामा, मावशी यांपैकी कोणीही सख्खे नसते. आणि म्हणून चारांपैकी एकही प्रकारचे भावंड नसते. एका पिढीत जाऊ, दीर, नणंद, साडू हे शब्द निरुपयोगी होतात. शहरांत शेजाऱ्यांना ‘अंकल’ आणि ‘आंटी’ म्हणण्याची प्रथा पडली, ती पुष्कळांना खटकते. परंतु तिच्यामागची वृत्ती भारतीयच आहे : परक्याला नावाने हाक मारावयाची नाही, त्याला नात्यात ओढावयाचे.

त्या वृत्तीची जुनी रूपे फार देखणी होती. छत्तीसगढमध्ये दोन भिन्न जातींची माणसे विधिपूर्वक एकमेकांचे ‘मितान’ होतात. महाप्रसाद, गंगाजल, भोजली अशी या मैत्रीची निरनिराळी नावे आहेत, आणि त्यानंतर ती एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारीत नाहीत. एकाचे आईबाप दुसऱ्याचेही आईबाप होतात, आणि लग्नकार्यात त्यांचा मान ठरलेला असतो. १८३४ पासून मॉरिशसला, १८४५ पासून त्रिनिदादला आणि १८७३ पासून सुरीनामला करारावर जे मजूर नेले गेले, त्यांच्याजवळ काका, मामा, भाऊ यांपैकी कोणी नव्हते. कित्येकांना एकमेकांची बोलीही नीट समजत नव्हती. कित्येक आठवडे, कधी महिने, एका जहाजावर काढल्यावर ते एकमेकांचे ‘जहाजी भाई’ आणि ‘जहाजी बहन’ झाले. उसाच्या मळ्यांवर पोहोचल्यावर हे नाते टिकले आणि पुढच्या पिढीकडेही गेले. अशा दोन घरांतील मुलामुलीच्या विवाहाची गोष्ट निघाली, तर ती एका जहाजाची, म्हणजे बहीणभावंडे, म्हणून वडील माणसे तो विवाह नाकारीत असत.